इंजिनाने हवा धरली

(चढावर कडेला उभा असलेला जुना मालट्रक. चाकांमागे ओंडके. इंजिनाचा आवाज नाही.)

भरलेला ट्रक चढावर बंद पडला. चालकाने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकांमागे ओंडके लावले, बऱ्याच अंतरावर इशाऱ्याचा त्रिकोण ठेवला आणि मगच मदतीसाठी फोन केला. त्याने घाई केली नाही, हे फार बरं झालं. इंजिन थांबलं की एअर ब्रेकचा कॉम्प्रेसरही थांबतो. मग टाकीत साठलेल्या हवेवर जेवढे ब्रेक लागतील, तेवढेच.

मिस्त्री आले. आल्या आल्या त्यांनी पाना हातात घेतला नाही, आधी विचारलं.

"बंद पडायच्या आधी काय झालं?"

"चढ लागला तशी ओढ गेली, मिस्त्री. दोनदा आचके दिले, मध्येच पुन्हा धरलं, आणि मग बंदच."

"आवाज आला? ठक्क, खडखड असा काही?"

"नाही. काटाही गरम दाखवत नव्हता."

या चार वाक्यांत निम्मा शोध संपला. चावी फिरवल्यासारखं इंजिन क्षणात थांबलं असतं, तर मिस्त्रींनी आधी डिझेल तोडणाऱ्या सोलेनॉइडची वायर पाहिली असती, किंवा पंप फिरवणाऱ्या गिअरबद्दल शंका घेतली असती. ठक्क आवाज झाला असता, तर व्हॉल्व्ह नाहीतर कनेक्टिंग रॉड. पण आचके देत, धरत, सोडत थांबलेलं इंजिन बहुतेक वेळा उपाशी असतं. त्याला डिझेल पोचत नसतं.

(स्टार्टरचा आवाज. कॅमेरा सायलेन्सरच्या तोंडावर.)

आता स्टार्टर. पंधरा सेकंद, त्याहून जास्त नाही. मग दोन मिनिटं थांबायचं, नाहीतर मोटर तापून तीही जाते. इथे इंजिन मोकळं फिरतंय. ते फिरलंच नसतं, मधेच अडलं असतं, तर पुढचं सगळं थांबवायला हवं होतं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही. अशा वेळी ढकलून किंवा जोर लावून इंजिन फिरवलं, तर रॉड वाकतो आणि छोटं काम मोठं होतं. तेव्हा नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी, काढून इंजिन हाताने फिरवून बघणं हाच मार्ग.

इंजिन फिरतंय, पण सायलेन्सरमधून धूर नाही. पांढरा धूर आला असता तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही, असं म्हणता आलं असतं. धूरच नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत गेलेलंच नाही.

अशा वेळी बोट पटकन डिझेल पंपाकडे जातं. "पंप गेला" हे वाक्य किती सहज बोललं जातं! माझं मत विचाराल तर पंपावर आळ सर्वांत शेवटी घ्यावा. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये चाचणीत यशस्वी ठरलं, तेव्हा त्यात इंधन आत ढकलायला दाबाची हवा लागत होती, आणि त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर. ती हवा न लागता डिझेल दाबाने आत ढकलणाऱ्या पंपांचं बॉश कंपनीने १९२७ मध्ये कारखान्यात उत्पादन सुरू केलं, आणि डिझेल इंजिन ट्रकमध्ये सर्रास बसू लागलं. या पंपातला प्लंजर, म्हणजे दट्ट्या, आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. रस्त्याकडेच्या धुळीत असा पंप उघडणं म्हणजे त्याचं नुकसान आपल्या हाताने करणं.

मिस्त्री वाट धरतात ती टाकीपासून. टाकीचं झाकण काढलं, आत हवा ओढल्याचा सुस्कारा ऐकू आला नाही. म्हणजे झाकणातलं हवेचं छिद्र मोकळं आहे. डिझेल आहे. फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून थोडं डिझेल बाटलीत घेतलं. पाणी डिझेलपेक्षा जड असतं, ते तळाशी वेगळं दिसलं असतं. पाणी नाही, गाळही नाही.

(हँड प्रायमरवर मिस्त्रींचा हात.)

आता फीड पंप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप, आणि त्यावरचा हाताने दाबायचा दट्ट्या, हँड प्रायमर. चार-पाच दाबांत तो जड व्हायला हवा. इथे तो पोकळ लागतोय. फिल्टरवरचा हवा सोडायचा एअर स्क्रू सैल केला, आणि फेस आला. पांढरा, फसफसणारा फेस.

इंजिनाने हवा धरली आहे.

हवा एवढं का अडवते? जुन्या थेट फवाऱ्याच्या इंजिनात नोझल साधारण २०० बार दाबाला उघडतं, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दोनशे पट. डिझेल जवळपास दबत नाही, म्हणून प्लंजर हलला की दाब लगेच नोझलपर्यंत पोचतो. पाइपात हवेचा बुडबुडा असला की प्लंजरची सगळी मेहनत तो बुडबुडा चेपण्यात जाते. नोझल उघडतच नाही.

मिस्त्रींनी फेस जाऊन सलग धार येईपर्यंत प्रायमर मारला, स्क्रू आवळला, स्टार्टर दिला. इंजिन सुरू झालं! चालकाचा चेहरा खुलला. पण मिस्त्री हत्यारं आवरत नाहीत, इंजिनाकडे कान देऊन उभे राहतात. तीन मिनिटांनी आवाज अडखळला, आणि पुन्हा शांतता.

इथेच खूप गाड्या फसतात. हवा काढली, गाडी चालली, काम झालं असं समजून निघतात आणि पुढच्या चढावर पुन्हा उभ्या राहतात. हवा आत येते कुठून, ते अजून शोधायचंय.

चालक गाडीखाली वाकून बघतो. कुठेच डिझेल गळत नाही. गळणार नाहीच. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढलं जातं, तिथला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. त्यामुळे चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत शिरते. चढावर इंजिन जास्त डिझेल मागतं, ओढ वाढते, आणि त्याच चिरेतून हवा आणखी शिरते. सपाटीवर निभावलेली गाडी चढावर का थांबली, ते आता कळलं.

(इंजिनापेक्षा उंच टांगलेला डिझेलचा कॅन, त्यातून उतरणारी पारदर्शक नळी.)

मला या कामात सर्वांत आवडते ती ही चाचणी. स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनापेक्षा उंचावर बांधला, त्याची नळी थेट फीड पंपाला दिली. टाकी आणि तिची लाइन बाजूला. हवा काढून इंजिन सुरू केलं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. पारदर्शक नळीत एकही बुडबुडा नाही, इंजिन एकसारखं चालू. पंप शाबूत, नोझल शाबूत. दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच टप्प्यात आहे, आणि तो नवा पंप न घेता सिद्ध झाला.

मग त्या टप्प्यावर हात फिरला. धातूची लाइन ठीक. तिला जोडलेला रबरी होज वरून धड दिसत होता. मिस्त्रींनी क्लिप सैल करून तो वाकवला, तेव्हा क्लिपच्याच खाली केसाएवढी चीर उघडली. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक झालेलं होतं. क्लिप जितकी आवळली, तितकं ते तडकत गेलं.

नवा होज डिझेलला टिकणाराच हवा. पाण्याची नळी चालत नाही, ती फुगून मऊ पडते. सोबत फीड पंपाच्या बोल्टचे तांब्याचे वॉशरही बदलले. एकदा दबलेलं तांबं दुसऱ्यांदा तितकं नीट बसत नाही.

हवा पुन्हा क्रमाने काढली: आधी फिल्टर, मग पंप, शेवटी नोझलचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर. तेव्हा मिस्त्रींनी चालकाचा हात मागे ओढला. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आत डिझेल गेलेलं असतं, आणि ते तातडीने रुग्णालयात जाण्याचं काम आहे.

(ओंडके काढले जातात. ट्रक चढ चढतोय.)

ज्या भाराने गाडी थांबली, त्याच भाराने ती तोच चढ चढली. माथ्यावर मिस्त्रींनी गाडी थांबवायला सांगितली, उतरले, प्रायमर दाबून पाहिला. दुसऱ्याच दाबाला तो जड झाला. होजवरून कोरडं फडकं फिरवलं, क्लिपला एकदा बोट लावलं, आणि चालकाला म्हणाले, "चला आता."