पोर्ट लुईचा बाजार आणि आत्याची पिशवी

नमस्कार श्रोतेहो. क्रूझ बंदराला लागली की निम्मी मंडळी बसमध्ये बसून बेट बघायला जातात आणि उरलेली बुफेला चिकटून राहतात. या बुफेवर मला एकदा स्वतंत्र बोलायचंय. सकाळी आठला केक कोण खातं हो? असो. आज बाजाराबद्दल बोलू. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरातल्या बाजाराबद्दल.

उतरण्याआधी एक करा, घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. बंदरावरची वेळ वेगळी असू शकते. परतायचं ते जहाजाच्या वेळेनं, हे विसरू नका.

धक्क्याजवळच्या कौडान या बाजारसंकुलातल्या चकचकीत दुकानांत फार रेंगाळू नका. तिथून चालत मध्यवर्ती बाजार गाठा. खाली भाजी, वर हस्तकलेच्या वस्तू. जवळच आप्रवासी घाट आहे, म्हणजे बाहेरून आलेल्या मजुरांना उतरवून घेण्याची जुनी जागा. १८३४ पासून हिंदुस्थानातले मजूर ऊसमळ्यांसाठी याच बंदरात उतरले, त्यांत आपली मराठी माणसंही होती. आजही तिथल्या नोटांवर देवनागरी दिसते.

तर आमची आत्या. वेंगुर्ल्याची, ऐंशीच्या घरातली. वरच्या मजल्यावर जिकडे बघावं तिकडे डोडो. टॉवेलवर डोडो, चमच्यावर डोडो. पक्षी नामशेष होऊन तीनशेहून अधिक वर्षं झाली, पण त्याच्या जिवावर दुकानं चालतात. आत्यानं एक रंगीत टोपली उचलली, काठाची वीण नखानं उचकटली आणि विचारलं, "बाई, ये इधर का है क्या?" बाई हसली. "नहीं माताजी, मादागास्कर." सरळ सांगितलं. खोटं बोलली नाही, हे मला फार आवडलं.

"इधर का दिखाव."

बाईनं गल्ल्याखालून स्वतःची पिशवी काढली. वाक्वाच्या पातीची, केवड्याच्या कुळातल्या झाडाची. पातीच्या कडेचे काटे काढून, वाळवून, चिरून आडवी-उभी विणलेली. तागाची पोती येण्याआधी तिथली साखर अशाच पातीच्या थैल्यांतून परदेशी जायची. आत्यानं पिशवी हातात घेतली, मुठी ओढून बघितल्या आणि म्हणाली, "हीच दे."

"माताजी, इसमें मेरी भाजी है."

"भाजी काढ की मग!"

शेवटी बाईनं बटाटे, भोपळा आणि कोथिंबीर टेबलावर ओतली. घासाघीस झालीच, पण उलटी. बाई कमी सांगायची, आत्या वाढवायची. जुनी वस्तू फुकट घेऊ नये म्हणे. मी मध्ये पडायला गेले तर दोघी माझ्यावरच करवादल्या.

तुम्हीही तेच विचारा: ही वस्तू इथलीच का? पुन्हा सांगते, इथलीच का? विणलेल्या मालात पुष्कळसा मादागास्करहून येतो, तोही सुंदर असतो, पण जे घेताय ते माहीत असलेलं बरं. फ्रिजला चिकटवायचे डोडो मात्र माझ्यासाठी आणू नका, माझा फ्रिज भरलाय. पोवळ्याच्या वस्तूही नकोत, कस्टममध्ये अडकतात.

आम्ही जहाजाच्या वेळेआधी पोचलो. तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी गेली आणि रखवालदारानं तळातून एक हिरवी मिरची काढली. ताजा भाजीपाला जहाजावर चालत नाही, ती जप्त. आत्या त्याच्याशी दहा मिनिटं भांडली. तेव्हा बाजारात फळं घेतलीत तर धक्क्यावरच खाऊन टाका, आणि पिशवी उलटी करून झटका.

नमस्कार.