विहिरीच्या तळाशी

नमस्कार, श्रोतेहो.

परधर्माच्या माणसापुढे ख्रिस्ती माणसाने नम्र असावं, म्हणजे नेमकं काय करावं? मला हे एका विहिरीने शिकवलं. त्या विहिरीची गोष्ट सांगतो.

अल्जीरियात ॲटलासच्या डोंगरात तिबिरीन नावाचं खेडं आहे. गाव मुसलमानांचं, आणि तिथेच ट्रॅपिस्ट, म्हणजे मौन आणि श्रमाचं व्रत घेतलेल्या कॅथलिक साधूंचा एक मठ होता. भाजीपाला पिकवायचा, प्रार्थना करायची, असं त्यांचं जगणं. त्यांच्यातले ब्रदर ल्यूक डॉक्टर होते. 1946 पासून ते गावकऱ्यांना फुकट औषधपाणी करत. गावात मशीद नव्हती, तेव्हा साधूंनी मठाची एक खोली नमाजासाठी दिली.

ह्या मठाचे प्रमुख होते फादर ख्रिस्तियान द शेर्जे. साधू होण्याआधी, अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळी, ते त्या देशात फ्रेंच सैन्यात तरुण अधिकारी होते. मोहम्मद नावाच्या एका गावपोलिसाशी त्यांचं मैत्र जुळलं. दहा लेकरांचा बाप, श्रद्धावान मुसलमान. एकदा बंडखोरांनी ख्रिस्तियानना गाठलं. मोहम्मद आडवा आला आणि त्याने त्यांना वाचवलं. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत सापडलं. कुठे? विहिरीच्या काठाशी.

ऐकलंत ना? विहिरीच्या काठाशी. मित्रासाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, हे येशूचं वचन आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. ख्रिस्तियानना ते जगून दाखवलं एका मुसलमानाने.

पुढे ते साधू होऊन अल्जीरियातच परतले. तिबिरीनमधला एक तरुण शेजारी त्यांच्याकडे येई. दोघं बसून देवाविषयी बोलत, आणि त्या बोलण्याला विहीर खणणं म्हणत. बरेच दिवस भेट झाली नाही की तो म्हणे, आपली विहीर खणायची राहिली हो! एकदा फादरनी गंमतीने विचारलं, काय रे, तळाशी आपल्याला कुठलं पाणी लागेल? मुसलमानांचं की ख्रिस्ती लोकांचं? तो हसला, पण त्याला जरा लागलंही. म्हणाला, इतके दिवस बरोबर चालतोय आणि अजून हेच विचारता? तळाशी लागतं ते देवाचं पाणी.

देवाचं पाणी. फादर मठाचे प्रमुख, धर्मशास्त्र शिकलेले. आणि शिकवून गेला तो गावातला पोरगा. फादरनी हा प्रसंग लपवला नाही, स्वतःच लोकांना सांगितला.



येशूनेही परक्याचं मोठेपण असंच मोकळेपणी मान्य केलं. रोमी शताधिपती त्याच्याकडे आला, यहुदी नसलेला, परका सैनिक. त्याच्याविषयी प्रभू म्हणाला, एवढा विश्वास मला इस्राएलातही आढळला नाही. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही 28 ऑक्टोबर 1965 रोजी जाहीर केलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, त्यातलं काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही. श्रोतेहो, काहीही नाकारत नाही.

नव्वदीच्या दशकात अल्जीरियात रक्तपात सुरू झाला. आम्ही फांदीवरचे पक्षी, कधी उडून जाऊ सांगता येत नाही, असं साधू गावकऱ्यांना म्हणाले. एक शेजारीण उत्तरली, पक्षी आम्ही, फांदी तुम्ही. तुम्ही गेलात तर आम्ही बसायचं कुठे? साधू राहिले. मार्च 1996 मध्ये एका रात्री सात जणांना पळवून नेलं. त्यांत फादर ख्रिस्तियान होते, म्हातारे ब्रदर ल्यूकही होते. दोन महिन्यांनी त्यांच्या मृत्यूची बातमी आली.

फादरनी आधीच एक पत्र लिहून घरच्यांकडे पाठवून ठेवलं होतं. ते त्यांच्या मृत्यूनंतर उघडलं. जगातल्या दुष्टपणात माझाही वाटा आहे, असं त्यात त्यांनी लिहिलंय. माझ्या मरणावरून इस्लामला दोष देऊ नका, असंही बजावलंय. आणि शेवटी ते आपल्या मारेकऱ्याशी बोलतात. त्याला शेवटच्या क्षणाचा मित्र म्हणतात, त्याचे आभार मानतात आणि लिहितात, आपल्या दोघांच्या पित्याची इच्छा असेल तर आपण स्वर्गात भेटू, येशूशेजारी क्रुसावर असताना स्वर्गाचं वचन मिळालेल्या त्या चोरासारखे, दोन आनंदी चोर.