सोडून दिलेले ढग

जानेवारी. होम मैदानावर सिद्धेश्वर यात्रेतला होम झाला, की गर्दी भाकणुकीकडे सरकते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू, समोर धान्य आणि गूळ. वासरू कशाला तोंड लावतं, मलमूत्र करतं का, बिथरतं का, यावरून यंदाचं पाऊसपाणी सांगतात. सकाळी पेपरात बातमी. ती वाचल्याशिवाय आम्हा सोलापूरकरांना चैन पडत नाही. फक्त गेल्या वर्षीचं कात्रण काढून पडलेल्या पावसाशी ताडून पाहणारा अजून कुणी भेटलेला नाही.

याच आभाळात २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात विमानं फिरत होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा तो कृत्रिम पावसाचा प्रयोग. सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. इथे ढग दाटतात आणि तसेच पुढे जातात. विमान ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या पेटवतं. हे क्षाराचे कण बाष्प ओढतात, थेंब जाड होतात, एकमेकांत मिसळून खाली येतात. मुळात ढगच नसेल, तर विमान काय करणार?

कट्ट्यावर मात्र वेगळंच ऐकू येतं: ‘विमानानं ढग पळवले.’

शास्त्रज्ञांनी २७६ ढग निवडले. काहींवर फवारणी केली, बाकीचे मुद्दाम सोडून दिले. कुठला फवारायचा, कुठला सोडायचा, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे आपल्या मनासारखा ढग निवडायची सोयच नाही. मग रडार आणि पर्जन्यमापकांनी दोन्हींचा पाऊस मोजला. वाऱ्याच्या दिशेला शंभर चौरस किलोमीटरांत सरासरी १८ टक्के वाढ दिसली. हा आकडा मिळाला तो त्या सोडून दिलेल्या ढगांमुळे. राज्य सरकारच्याही २००३, २०१५, २०१९ मध्ये कृत्रिम पावसाच्या वेगळ्या मोहिमा झाल्या. तेव्हा बातम्यांत उड्डाणं मोजली जायची. न फवारलेल्या ढगांचं काय झालं, हे विचारणार कोण?

बरं, हे काम आपल्याला नवं नाही. बारामतीजवळ याच संस्थेनं १९७३ साली ते सुरू केलं, १९८६पर्यंत अकरा पावसाळे चालवलं. मग ढगांच्या अभ्यासासाठी विमानं देशभर फिरवायला २००९ उजाडलं. हातातली आघाडी अशीच सुटते, गाजावाजा न होता. संशोधनावर आपण राष्ट्रीय उत्पन्नाचा जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो. दक्षिण कोरिया पाचच्या आसपास. आणि २०२३ साली, सोलापूरचा निष्कर्ष छापून आला त्याच वर्षी, लोकांपर्यंत विज्ञान नेण्यासाठी काढलेली ‘विज्ञान प्रसार’ ही केंद्राची संस्था गुंडाळली गेली.

मोहोळकडच्या एका शेतकऱ्याला आम्ही हा प्रयोग समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. थोडा वेळ आभाळाकडे पाहिलं.

“मग जो ढग सोडला, त्याच्याखाली आमचं शिवार नव्हतं ना ओ?”