गहू निघाले की येते

(दृश्य: रावेर तालुका, पहाट. केळीची बाग, ठिबकच्या नळ्या. आवाज फक्त पानांचा.)

तापीपट्ट्यातल्या या गावात सध्या ओट्याओट्यावर एकच प्रश्न आहे. "पोरगी कायमची चालली का?"

नाही. सहा महिन्यांनी ती परत येणार आहे. पुण्यात पदवीच्या तिसऱ्या वर्षाला शिकणारी ही केळीवाल्या शेतकऱ्याची लेक एक सत्र जर्मनीतल्या विद्यापीठात शिकायला निघाली आहे. दोन्ही विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा करार आहे. त्यामुळे तिचं नाव इथल्याच पटावर राहतं आणि फीही इथेच भरायची असते. तिथली शिकवणीची फी माफ. राहणं, खाणं, विमा मात्र स्वतःचा.

जळगावच्या पोस्टातल्या केंद्रात पासपोर्टचं काम झालं, पोलीस पडताळणीही झाली. ते सोपं होतं. खरी मेहनत घेतली ती एका साध्या दिसणाऱ्या कागदानं, लर्निंग ॲग्रीमेंटनं. तिथे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इथले कोणते विषय सुटणार, हे त्यात लिहायचं. खाली तीन सह्या: विद्यार्थिनीची, इथल्या विद्यापीठाची, तिथल्या विद्यापीठाची. युरोपात एका सत्राला ३० क्रेडिट (अभ्यासाच्या भाराचं माप) धरतात, आपल्याकडे साधारण २० ते २२. तिथलं एक म्हणजे इथलं एक, असा सरळ हिशेब नाही. तिच्या वरच्या वर्गातला एक मुलगा हे न ठरवताच गेला होता. परत आल्यावर त्याला दोन विषय पुन्हा द्यावे लागले. म्हणून ती प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम छापून घेऊन विभागप्रमुखांसमोर तीनदा जाऊन बसली. तिकडे जाऊन विषय बदलला, तर बदललेल्या कागदावर पुन्हा तिघांच्या सह्या लागतात. जाणाऱ्या प्रत्येक मुलाला कळकळीचं सांगणं: तिकीट नंतर काढा, आधी हा कागद पक्का करा.

(दृश्य: घरातली खाट. पासबुक, चष्मा, कॅल्क्युलेटर.)

पप्पांचा घोर पैशांचा होता. जर्मनीच्या व्हिसासाठी, तिथे राहण्याचा खर्च झेपेल, हे दाखवावं लागतं. २०२४ पासूनचा दर: महिन्याला ९९२ युरो. सहा महिन्यांचे होतात ५,९५२. पुरेशा रकमेच्या शिष्यवृत्तीचं पत्र असेल तर ते चालतं, नसेल तर पैसे एका बंद खात्यात ठेवायचे. "अडकले म्हणजे गेले का?" पप्पांनी विचारलं. गेले नाहीत, ते तिचेच आहेत. फक्त दर महिन्याला ठरलेली रक्कमच काढता येते. घड उतरेपर्यंत वर्षभर बागेत पैसा घालणाऱ्या माणसाला हे लगेच पटलं.

आजीला युरो कळत नाहीत, सत्रही कळत नाही. ती बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, उन्हात घालता घालता विचारते, "कव्हा येशीन वं माय?"

"केळीच्या कांदेबागाची लागवड सुरू झाली की जाते आजी, आणि गहू निघाले की येते."

ऑक्टोबर ते मार्च. आजीचा हिशेब लागला.

बोलायची वेळही ठरली आहे. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते. रात्रीच्या विजेवर पप्पा बागेला पाणी द्यायला जातात तेव्हा, साडेअकराला. तिथे संध्याकाळचे सात वाजलेले असतील.

सामानात घरचं तूप नाही, पेढे नाहीत. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. ताज्या फळांनाही रोगमुक्ततेचा दाखला लागतो; सूट आहे फक्त पाच फळांना. अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. हे कळलं त्या दिवशी पप्पा काही न बोलता बागेत गेले आणि एक कच्ची फणी बाजूला ठेवून आले.

(दृश्य: केळी मोजायचा वजनकाटा. त्यावर निळी बॅग.)

तिकिटावर २३ किलोची मुभा आहे. काटा साडेचोवीस दाखवतो. काळा मसाला निघणार नाही, बिबड्यांना आजी हात लावू देत नाही. पुस्तकं दोनदा बाहेर येतात आणि दोनदा आत जातात. शेवटी जळगावहून आणलेला जाड कोट निघतो. सप्टेंबरच्या उकाड्यात, रावेरच्या स्टेशनापासूनच तो हातावर टाकून न्यायचं ठरतं.

काटा तेवीसवर येतो. पप्पा बॅगेची चेन लावतात.