मोटरमनला लोकल आवडायलाच हवी का?

नमस्कार मंडळी. "आवडतं तेच करा, नाहीतर काम चांगलं होणारच नाही." हे वाक्य रील्सवर दिवसातून चार वेळा कानावर पडतं. आज मला त्याच्याशी जरा भांडायचंय.

आमच्या चाळीत एक काका मोटरमन होते. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "काका, लोकल चालवायला मजा येते ना?" काका म्हणाले, "कसली मजा रे? पहाटे तीनला उठून बघ एकदा. भरती निघाली, फॉर्म भरला, लागलो."

पण मुंबईच्या लोकलनं रोज ७० लाखांहून जास्त माणसं जातात. ती काय मोटरमनच्या आवडीवर विसंबून?

केबिनमध्ये त्यांच्या हाताखाली एक हँडल असतं. गाडी पळतेय तोवर ते दाबून धरायचं. हात सुटला, की करंट बंद आणि ब्रेक लागले! त्याला डेडमन म्हणतात. चालवणाऱ्याला चक्कर आली तरी गाडी थांबावी, म्हणून केलेली सोय. आता त्या हँडलला काकांचं कामावर प्रेम आहे की नाही, याच्याशी काय घेणंदेणं? त्याला फक्त हात हवा. मागच्या टोकाला गार्ड. तो दोन बेल देतो, मोटरमन दोन बेल परत देतो, मग गाडी हलते. घरी भांडून आलेला असो नाहीतर लॉटरी लागलेला, बेल दोनच.

जपानी रेल्वेत तर सिग्नलकडे बोट दाखवून सिग्नल काय आहे ते मोठ्यानं म्हणायचं, अशी पद्धत आहे. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेनं चाचणी घेतली. नुसतं बघून काम केलं तर १०० वेळांत २.३८ चुका; बोट दाखवून, तोंडानं बोलून केलं तर ०.३८. आपल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांवरही लोको पायलट आणि असिस्टंट एकमेकांना सिग्नल असाच ओरडून सांगतात. हजाराव्या दिवशी ते किती कंटाळवाणं होत असेल! पण डोळे जे कंटाळून सोडून देतात, ते तोंड पकडतं.

आता, आवडीचा काहीच उपयोग नाही असं मी म्हणत नाही. नवीन काही शिकताना, पन्नास वेळा चुकून पुन्हा बसायला आवडच लागते. आणि जिथे बेल द्यायला कुणी गार्ड नसतो, म्हणजे लिहिणं, गाणं, हे असले व्हिडिओ, तिथेही. (एडिटिंग मला अजिबात आवडत नाही. तरी आवाज तीनदा तपासतो. पहिल्या व्हिडिओत नुसती पंख्याची घरघर होती.)

आवडीची एक किंमतही असते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात दिसलं, की ज्याला कामाची आवड आहे त्याच्याकडून जादा काम फुकट करून घेणं लोकांना कमी गैर वाटतं. "तुला आवडतंच ना, मग रविवारी ये की!" ऐकलंय ना हे?

काकांना मात्र कुणी कधी म्हणालं नाही, "तुम्हाला आवड आहे ना, मग कसाऱ्याची एक फेरी फुकट मारून या."