माळा उतरवताना

[दृश्य: सदाशिव पेठेतली गल्ली. एका बाजूला पत्रे मारलेला प्लॉट, दुसऱ्या बाजूला उभा असलेला टेम्पो.]

पुण्यात हल्ली गल्लीत सामानाचा टेम्पो दिसला की पहिला प्रश्न येतो, "रीडेव्हलपमेंट का?" सदाशिव पेठ, एरंडवणे, कोथरूड, सहकारनगर... चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बांधलेल्या तीन मजली, बिनलिफ्टच्या सोसायट्या एकामागून एक रिकाम्या होतायत. नवी इमारत उभी राहीपर्यंत दोन-तीन वर्षं भाड्याच्या जागेत काढायची, मग परत यायचं. म्हणजे घरातली प्रत्येक वस्तू दोनदा उचलायची. हा हिशेब डोक्यात शिरला की घरातली सगळी मंडळी मान वर करून माळ्याकडे बघायला लागतात.

या घरात तीन पिढ्या राहतात. ऐंशी ओलांडलेल्या आजी, मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात. बाथरूमवर एक माळा, पॅसेजवर दुसरा, स्वयंपाकघरात ओट्याच्या वर तिसरा. एकेका माळ्याचं दार वर्षानुवर्षं उघडलेलं नाही. दसऱ्याच्या आधी घर झाडून घेताना दारावरून ओलं फडकं फिरतं, आत कुणी हात घालत नाही.

[दृश्य: स्टुलावर नात, खाली सून, खुर्चीत आजी.]

"आई, हा स्टोव्ह. ठेवायचा?"
"असू दे गं. गॅस संपला तर?"
"आजी, आपल्याकडे पाइपचा गॅस आहे."
"मग रॉकेल कुठे मिळतं आता..." आजी थांबतात. "पितळी आहे तो. भंगारात नका टाकू."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवायला हवं. पुढे ते पुन:पुन्हा ऐकू येतं. कधी डब्यांसाठी, कधी साड्यांसाठी, कधी आजोबांच्या चपलांच्या जोडासाठी. घर आवरायला घेतलेली तरुण मंडळी वैतागून म्हणतात की म्हातारी माणसं काही सोडतच नाहीत. आम्ही इथे कॅमेरा लावून बसलो तेव्हा वेगळं दिसलं. ज्या वस्तूला घेणारा ठरला, ती द्यायला आजींना मिनिटभरही लागलं नाही. जी वस्तू नुसती "काढून टाकू" म्हटली गेली, तिच्यावर मात्र त्या अडून बसल्या.

याला एक कारण मुठा नदीच्या काठावर आहे. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्याखाली होत्या. आजी तेव्हा शाळकरी मुलगी, घर नारायण पेठेत. नेसत्या कपड्यानिशी सगळे उंचावर पळाले. पाणी ओसरल्यावर परत आले तेव्हा घरात गुडघाभर चिखल आणि त्या चिखलात रुतलेली काही पितळी भांडी. लाकडी कपाट, गाद्या, पुस्तकं, आईचं लग्नातलं लुगडं, धान्याची कोठी, सगळं गेलं. पुढचे कित्येक महिने घर चाललं ते नातेवाइकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंवर. कुणी दिलेली चादर, कुणी दिलेला तवा. पुण्यात आजही जुनी माणसं "पानशेतच्या आधी" आणि "पानशेतच्या नंतर" अशी वर्षं मोजतात. ज्या मुलीनं घर एका दिवसात वाहून जाताना पाहिलं, ती मोठेपणी सुतळीचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवणारच. तिला साठवायची सवय लागली म्हणून नावं ठेवणं सोपं आहे. तिच्या मनातली भीती ओळखून आवरायला बसणं जास्त गरजेचं आहे.

दुसरं कारण घराच्या आतलं आहे. पूर्वी वस्तू घरात तुंबत नसत, कारण त्यांची पुढची वाट ठरलेली होती. सुती लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, बाळाची दुपटी व्हायची, मग पायपुसणं, आणि शेवटी स्टोव्ह पुसायचं फडकं. टेरिकॉट आणि पॉलिस्टरच्या साड्या आल्या आणि ही साखळी तुटली. त्या विरत नाहीत, पाणी शोषत नाहीत, गोधडीत ऊब देत नाहीत. न फाटणाऱ्या साड्यांनी कपाटं भरली. प्लास्टिकच्या डब्यांचं तेच. पितळी डबा पोचला तर मोडीत जायचा, त्याचे पैसे यायचे. आइस्क्रीमचा रिकामा डबा धुऊन ठेवला जातो आणि त्यावर झाकण शोधण्यात आयुष्य जातं.

[दृश्य: जिन्यात पसरलेलं बोचकं. बोहारीण साडी उजेडात धरून बघते आहे.]

कपड्यांचा प्रश्न दुपारी तीनच्या सुमारास जिन्यात सुटला. बोहारीण अजूनही येते, फक्त आता मोबाइलवर बोलावून येते. ती प्रत्येक कपडा उलगडते, उजेडात धरते, काठ दोन बोटांत घेऊन ताणते. "ताई, ही पदराला गेलीय." "अगं कुठे गेलीय? एकदाच नेसलेय." एका स्टीलच्या पातेल्यावरून पाऊण तास घासाघीस. सुनेला वाटत होतं, कपड्यांचा ढीग द्यायचा आणि मोकळं व्हायचं, पातेलं काय करायचंय? आजींनी मात्र पातेलं घेतलंच. बोहारणीच्या मालाला किंमत आहे, आपल्या कपड्यांनाही आहे, हा व्यवहार आहे, भीक नाही. हे कपडे ती घरी नेऊन धुते, शिवते, बाजारात विकते. शहरातल्या जुन्या कपड्यांना दुसरं आयुष्य देणारं हे काम पिढ्यान्पिढ्या याच बायकांनी केलंय, आणि त्याची नोंद फार कमी लोक घेतात. पातेलं कामवाल्या मावशींच्या मुलीच्या संसाराला गेलं, हे त्याच संध्याकाळी कळलं. आजींनी ते आधीच ठरवलेलं होतं.

[दृश्य: पितळी पातेलं, भाता, निखारे.]

भांड्यांचे आजींनी स्वतःच तीन ढीग केले. पोचलेली, भोक पडलेली भांडी मोडीत, रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात. तांब्याचा बंब नातीच्या मैत्रिणीनं मागून घेतला, तिला बाल्कनीत झाड लावायचंय. हे ऐकून आजी जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "आतून चिंचेनं घासून घे म्हणावं आधी." आणि चार पितळी पातेली राहिली, ती रोजच्या वापराला. त्यांना कल्हई, म्हणजे आतून कथलाचा पातळ थर, हवा होता.

कल्हई करताना कधी जवळून पाहिलंय? भांडं निखाऱ्यांवर तापवतात. पुरेसं तापलं की त्यात नवसागराची पूड टाकतात, पांढरा धूर उठतो, नाकाला झोंबतो. लगेच कथलाची कांडी टेकवायची, ती वितळली की कापसाच्या बोळ्यानं भराभरा सगळीकडे फिरवायची. हात थांबला की डाग राहतो. डोळ्यांदेखत काळपट पितळ आतून चांदीसारखं उजळतं. मग भांडं पाण्यात, चर्र... पूर्वी कल्हईवाला दारावर यायचा. आता त्याला शोधावं लागतं. कसब्यातली तांबट आळी अजून आहे, ठोक्याचा आवाज अजून येतो, हातोडीच्या ठोक्यांनी भांडं घडवणारे, मठारकाम करणारे हात मात्र कमी झालेत. माळ्यावर पडलेलं भांडं वापरात आलं की घरातला पसारा एका वस्तूनं कमी होतो आणि आळीतल्या एका कारागिराच्या हाताला काम मिळतं.

कागदांना सर्वांत जास्त वेळ लागला, आणि लागायलाच हवा. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी प्रत्येक फाइल उघडा, हे आम्ही कळकळीनं सांगतो. या घरात जुन्या वीजबिलांच्या गठ्ठ्यात, पिवळ्या पाकिटात, आजोबांच्या नावाचे कागदी शेअर निघाले. शेअर बाजारात नोंदलेल्या (लिस्टेड) कंपन्यांचे कागदी शेअर 1 एप्रिल 2019 पासून तसेच्या तसे दुसऱ्याला विकता किंवा हस्तांतरित करता येत नाहीत, ते आधी डिमॅट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, करावे लागतात. मालक हयात नसेल तर वारसाचे कागद लागतात. आणि सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नसेल, तर असे शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ते बुडत नाहीत, अर्ज करून परत मिळवता येतात, पण त्यासाठी मूळ कागद हातात असलेला बरा. हे पाकीट किलोवर गेलं असतं.

एका ट्रंकेत तळाशी, लाल फडक्यात बांधलेले मोडी लिपीतले कागद होते. घरात कुणाला वाचता येत नाहीत. गहाणखत असेल, जमाखर्च असेल, कुणाचं साधं पत्र असेल. 1910 साली इतिहासाचार्य राजवाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. महाराष्ट्राचा लिहिलेला इतिहास अशाच घराघरांतल्या जुन्या कागदांच्या दप्तरांतून उभा राहिलाय, आणि अशी कितीतरी दप्तरं वाण्याच्या पुड्या बांधण्यात संपलीही आहेत. मंडळ या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आजींचा मुलगा ते कागद आधी तिथे दाखवायला घेऊन गेला. त्यांतलं काय मोलाचं, हे जाणकार ठरवतील.

शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर जुन्या घरांतल्या अडकित्त्यांपासून दिव्यांपर्यंत सगळं काचेआड दिसतं. दिनकर केळकरांचं चष्म्याचं दुकान होतं. जुने वाडे, जुनी घरं धुंडाळून त्यांनी हे जमवलं आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं सरकारला देऊन टाकलं. आपल्या माळ्यावरची प्रत्येक जुनी वस्तू संग्रहालयात जाणार नाही, जायलाही नको. तिथली पाय घासायची एक वजरी पाहिली की आपल्या घरातल्या तीन वजऱ्यांपैकी दोन निःशंक मनानं देता येतात.

[दृश्य: सोसायटीचं फाटक. हातगाडी. 'स्वच्छ'च्या मावशी.]

उरलेल्या बऱ्याच वस्तूंची वाट फाटकापाशी येऊन मिळाली. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत पुण्यात 1993 मध्ये उभी राहिली आणि त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. रोज दारात कचरा घ्यायला येणाऱ्या मावशी या संस्थेच्या सभासद आहेत. जुने कपडे, फर्निचर, बंद पडलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणं गोळा करायची शिबिरंही 'स्वच्छ' घेते. बंद मिक्सर, वायरींचा गुंता, कॅसेट प्लेअर त्यांच्याकडे गेला. इथे एक विनंती. फुटलेली काच कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून द्या. मुदत संपलेली औषधं, सुया वेगळ्या द्या. आपलं घर साफ होताना दुसऱ्याचा हात कापू नये.

देवांच्या जुन्या तसबिरी राहिल्या. पुण्यात कुठल्याही पिंपळाखाली अशा तसबिरींची रांग दिसते, पावसात भिजलेली. आजींना ते बघवत नाही. त्यांनी स्वतः बसून काच, चौकट आणि कागद वेगळे केले. काच आणि लाकूड पुढे गेलं. कागद बादलीतल्या पाण्यात विरघळवला आणि ते पाणी तुळशीला घातलं. सून म्हणाली, इतके दिवस मला हे विचारायचंच धाडस होत नव्हतं.

या सगळ्यात सुनेनं एक गोष्ट धरून ठेवली: वस्तू घरात येण्याची वाट बंद करायची. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकची डबी नाही, गुळाची ढेप किंवा उटण्याची पुडी. संपणारं काहीतरी. ब्लाउजपीस आले तर हात जोडून परत. आहेर नको, हे पत्रिकेत छापून काही होत नाही, ते तोंडानं सांगावं लागतं, आणि वाईटपणा घ्यावा लागतो. आजींना हे पटायला वेळ लागला. ओटीतला खण नाकारायचा कसा? शेवटी ठरलं, खण घ्यायचा आणि वर्षातून एकदा शिवणकाम शिकणाऱ्या मुलींना सगळे पोचवायचे.

नव्या फ्लॅटच्या नकाशात माळा एकच ठेवलाय, तोही गाद्यांसाठी.

[दृश्य: रिकामं स्वयंपाकघर. भिंतीला टेकवलेला पाटा-वरवंटा.]

पाटा-वरवंटा मात्र अजून ठरलेला नाही. टेम्पोवाला म्हणतो, दगडाचे वेगळे पैसे. मिक्सर आल्यापासून त्यावर चटणी वाटली गेलेली नाही. पण नातीच्या बारशाला याच वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून फिरवलं होतं.

"वरवंटा राहू दे," आजी म्हणतात. "हिच्या घरी लागेल."
"आजी, माझं अजून कॉलेज चाललंय!"
"म्हणून तर आत्ताच सांगतेय. पाटा द्या कुणाला तरी. पण जो वाटेल त्यावर, त्याला."

मुळशीकडे शेतावर राहणाऱ्या भाच्याला फोन झालाय. त्याच्या बायकोला पाटा हवाय. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणालाय, आणि येताना तांदूळ आणतो म्हणाला, तर सुनेनं विचारलं, "किती किलो?"