आधी तारा, मग पाना

जून लागला की पुण्यात इलेक्ट्रिक गिटारवाल्यांची एक ठरलेली तक्रार सुरू होते: "सर, एप्रिलमध्ये मस्त वाजत होती, आता तारा फार वर आल्यात." गिटार बिघडलेली नसते, हवा बदललेली असते. उन्हाळ्यात आपल्याकडे हवा कोरडी. लाकूड आकसतं, फ्रेटची (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बोटांना टोचायला लागतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं. त्यात सहा तारांचा एकत्रित ताण, नऊच्या सेटचा (सगळ्यात बारीक तार 0.009 इंचाची) धरला तरी 40 किलोंच्या आसपास. नेक, म्हणजे गिटारची मान, पुढे वाकतो आणि तारा उंच वाटतात.

यावर बहुतेक जण काय करतात? व्हिडिओ बघतात आणि थेट ॲलन की घेऊन ट्रस रॉडला, म्हणजे नेकचा वाक सांभाळणाऱ्या आतल्या धातूच्या सळीला, भिडतात. थांबा. आधी नव्या तारा चढवा, ताणून ट्यून करा, एक रात्र जाऊ द्या. जुन्या, गंजक्या तारांवर केलेलं माप फुकट जातं. मग सहावी, सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे नेक बॉडीला मिळतो तिथे दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघा. साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी असली, तर रॉडला हातही लावू नका. फट जास्त असेल तर रॉड घट्ट करायचा, तोही पाव फेऱ्याहून जास्त नाही; पुन्हा ट्यून करा, पुन्हा मोजा. जोर लावावा लागतोय असं वाटलं, तर तिथेच सोडून कारागिराकडे जा. रॉड तुटला तर दुरुस्ती गिटारच्या किमतीवर जाऊ शकते.

नेक जमला की मगच ब्रिजवरची (तारा बॉडीवर टेकतात तिथली) तारांची उंची, आणि सगळ्यात शेवटी इंटोनेशन. हा क्रम उलटा केलात की सगळं पुन्हा करावं लागतं. इंटोनेशन म्हणजे बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवणं. दाबलेला स्वर चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, उतरता आला तर पुढे. तंबोऱ्याची जवारी लावताना पाहिली असेल, तर असल्या कामाला लागणारा धीर तुम्हाला ठाऊक आहे.

बाकी रोजचं काम सोपं. वाजवून झालं की सुती फडक्याने तारा वरून आणि खालूनही पुसा. घामातलं मीठ तारा खातं. रोजवुडच्या फ्रेटबोर्डला वर्षातून एक-दोनदा थोडं लेमन ऑइल. मेपलवर लॅकर असतं, त्याला तेल नको. खोबरेल तर कशालाच नको, कृपा करून! केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, अधूनमधून बदला.

आवाजाची नॉब फिरवताना खरखरते? तिच्या पॉटमध्ये (नॉबखालच्या फिरत्या भागात) कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, काही वेळा फिरवा. तो तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळेल. जॅकचा (केबल लावायच्या भोकाचा) नट सैल झाला असेल तर मात्र लगेच आवळा, आणि आवळताना आतला जॅक दुसऱ्या हाताने धरा. तो सोबत फिरला की आतल्या वायरचं सोल्डर तुटतं आणि फिरोदिया करंडकाच्या, म्हणजे पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या, रंगीत तालमीला गिटार गप्प बसते.